न दिसणें आणि न पाहणें

जगांत सर्वांत मोठें आश्चर्य कोणतें, असें यक्षानें युधिष्ठिराला विचारलें. रोज माणसें मरतांना पाहूनही उरलेले लोक आपण येथें कायमचे राहणार असें समजून वागतात, हेंच तें आश्चर्य, असें धर्मराजानें सांगितलें. हें उत्तर आम्हीं वर्गांत तीस वर्षें समजावून दिलें. आम्हांला स्वतःला तें समजण्यास मात्र डोळ्यांवर संकट यावें लागलें.

पहांटे देवापुढें बसून पोथी वाचावयाची, हा आमचा जुना नेम. गेल्या चातुर्मासांत ओळींतील अक्षरें मधूनच गळूं लागलीं. उंबऱ्याला ठेंच लागे, बाजूला कोणी येऊन बसलें तरी कळत नसे. आम्हीं दोष प्रथम दिव्याला दिला, मग चष्म्याला, मग छापखान्याला. पोथी पाठच होती. ती समोर ठेवून म्हणत राहिलों. एके दिवशीं सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजी, अध्याय संपला, पान उलटायचें राहिलें." आम्ही तिच्यावर रागावलों, आणि त्या दिवशीं जेवतांना एक शब्दही बोललों नाहीं.

तपासणींत कांचबिंदु निघाला. या विकारांत बहुधा डोळ्यांतील दाब वाढतो व दृष्टीची नस हळूहळू झिजते. सहसा दुखत नाहीं. आधीं बाजूचें दिसेनासें होतें, समोरचें बराच काळ दिसत राहतें. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. उरलेली मात्र औषधाच्या थेंबांनीं, लागल्यास शस्त्रक्रियेनें, राखतां येते. म्हणजे आमच्या हट्टानें जे महिने गेले, ते कायमचेच गेले.

आम्ही कोणाला फसवीत होतों काय? तसें वाटत नाहीं. मरणोन्मुख रुग्णांशीं बोलून एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या विदुषीनें १९६९ सालीं एक ग्रंथ लिहिला. नकार म्हणजे अकस्मात् आलेला आघात सोसण्यासाठीं मनानें घेतलेला तात्पुरता आडोसा, असें तिनें त्यांत मांडलें. पण आडोशामागें दडलेलें असतें तें काय? आमच्या मतें, लगाम सुटण्याचें भय. अमेरिकेंतील एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं १९७५ सालीं सोडतीच्या तिकिटांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिकीट एका डॉलरचें. कांहींना तें स्वतः निवडूं दिलें, कांहींच्या हातीं नुसतें ठेवलें. पुढें विकतां काय, असें विचारतां ज्यांनीं निवडलें होतें त्यांनीं सरासरी आठ डॉलरांहून अधिक मागितले, इतरांनीं दोन डॉलरांहूनही कमी! दैव दोघांचें सारखेंच. परंतु 'हें माझ्या हातचें आहे' या भ्रमाची किंमत एवढी.

मात्र हीच भूक नीट भागविली तर औषधासारखी उपयोगी पडते. त्याच बाईंनीं ज्युडिथ रॉडिन यांच्यासह १९७६ सालीं एका वृद्धाश्रमांतील प्रयोग मांडला. एका मजल्यावरील वृद्धांना 'तुमचें तुम्हीच ठरवा' असें सांगून एकेक रोप निवडून जोपासावयास दिलें. दुसऱ्या मजल्यावर सारी काळजी, रोपाचीसुद्धां, सेवकांनीं घेतली. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक हुशार व आनंदी दिसूं लागली.

आपल्या घरांतून काय होतें? प्रेमापोटींच आपण वडीलमाणसांच्या हातून आधीं बाजाराची पिशवी घेतों, मग हिशेबाची वही, मग किल्ल्या. आणि मग तीं दुखणें कां लपवितात म्हणून नवल करतों! वडीलधाऱ्यांनींही एवढें ओळखावें कीं, रोग नाकारल्यानें लगाम आपल्या हातीं राहत नाहीं, तो रोगाच्या हातीं जातो.

सूनबाईनें औषधाची बाटली आमच्याच हवालीं केली. "वेळ तुम्हीच सांभाळा, चुकली तर मी विचारीन," एवढेंच ती म्हणाली. अजून एकदांही तिला विचारावें लागलेलें नाहीं. पहांटे पोथी आतां ती वाचते. पान केव्हां उलटावयाचें, तें आम्ही सांगतों.