आजीची रजा आणि एकवीस कुंड्या

आमच्या घरातील प्रत्येक प्रवासाच्या आड आजवर एकच वाक्य येत आले आहे : "झाडांना पाणी कोण घालणार?" हे वाक्य आजीचे. लग्न असो, बारसे असो, सगळे घर जाई आणि आजी मागे राही. सोलापुरात आमच्या गच्चीवर तिच्या एकवीस कुंड्या आहेत. तुळस, मोगरा, अबोली, जास्वंद, गावठी गुलाब, कोरफड, पानओवा असा तो संसार. इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात एक दिवस पाणी चुकले तरी अबोली मान टाकते. त्यामुळे आजीच्या वाक्याला उत्तर नसे.

पण २०२३ च्या पावसाळ्यात देवरुखला तिची धाकटी बहीण अंगणात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडून घरात बसली. फोनवर ती विचारायची, "अक्का, येतेस कधी?" आजी म्हणायची, "बघू." फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गच्चीत जाऊन बसायची. २०२४ च्या एप्रिलमध्ये परीक्षा संपली तेव्हा मी म्हणाले, "आजी, मे महिन्यात तू मावशीआजीकडे जायचंस. पाण्याचं मी बघते."

"तू बघणार? मागे बघितलं होतंस तसं?" आजी म्हणाली.

टोमणा रास्त होता. २०१९ साली आम्ही सगळे आठवडाभर परगावी गेलो होतो, आजीसुद्धा, नाइलाजाने. तेव्हा मी शाळेत होते. निघताना मी मोठ्या शहाणपणाने तिची मोगऱ्याची कुंडी पाण्याने काठोकाठ भरलेल्या घमेल्यात ठेवली. परत आलो तो पाने पिवळी पडलेली आणि मातीला कुबट वास. मोगरा काही वाचला नाही. रोप पाण्यावाचून मरते हे कोणालाही ठाऊक असते. पाण्यात उभे राहूनही मरते हे मला त्या दिवशी कळले. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की तेथील हवा हुसकली जाते, मुळे गुदमरतात आणि मग कुजतात. तेव्हा प्रश्न 'पुष्कळ पाणी कसे ठेवावे' हा नाही. पुष्कळ पाणी थोडे थोडे कसे द्यावे, हा आहे.

यावेळी आधी मोजायचे ठरवले. रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला. (त्याला कारण सांगितले तेव्हा तो जो हसला ते लिहीत नाही.) आठ इंची कुंडीतल्या नव्या मोगऱ्याला संध्याकाळी भरपूर पाणी घातले, जादा पाणी तळातून निथळू दिले आणि वजन केले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा वजन केले तर सुमारे अर्धा किलो घट! म्हणजे एका दिवसात अर्धा लिटर पाणी वाफ होऊन गेले. काही मातीतून, काही पानांतून. पानांतून जाणाऱ्या या वाफेलाच शाळेच्या पुस्तकात बाष्पोच्छ्वास म्हणतात. मग तीच कुंडी जिन्याखाली, उत्तरेच्या सावलीत ठेवली. घट पाव किलोच्या आत आली. मातीवर नारळाच्या शेंडीचा जाड थर अंथरला, चार कुंड्या खेटून ठेवल्या, तेव्हा आणखी थोडी कमी झाली. पाणी पुरवण्याची एकही युक्ती न करता निम्मी तहान अशी नुसत्या जागाबदलाने भागली. लोक बाटल्या नि नळ्या शोधत बसतात आणि कुंडी मात्र उन्हातच ठेवतात, याचे मला आता नवल वाटते. सावलीत दहा-बारा दिवस काढल्याने कुठल्याही फुलझाडाचे काही बिघडत नाही. फार तर कळ्या कमी येतात. निघण्यापूर्वी उमललेली फुले व वाळकी पाने काढून टाकावीत. खत मात्र घालू नये, कारण त्याने कोवळी पालवी फुटते आणि पालवी अधिक पाणी मागते.

कोरफड आणि पानफुटी यांची तर काळजीच नको. कोरफड आपली पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडते, म्हणून तिचे पाणी फारसे उडत नाही. तिला निघताना एकदा पाणी दिले की पुरे. अशा रीतीने एकवीसातल्या सहा कुंड्या हिशेबातून गेल्या.

उरलेल्या पंधरांपैकी नवांना मी वात लावली. समईत तेल वातीतून जसे वर चढते, तसेच पाणी सुताच्या दोरीतून चढते. धाग्यांमधील बारीक फटींतून पाणी आपोआप वर ओढले जाते, यालाच केशाकर्षण म्हणतात. सोलापुरात सुताला काय तोटा! आमच्या गल्लीतल्या एका चादरीच्या कारखान्यातून वाया गेलेल्या ताण्याच्या सुताचा गुंडा मिळाला. त्याचा करंगळीएवढा जाड पीळ करून एक टोक कुंकवाच्या पाण्यात सोडले आणि झोपले. सकाळी पाहते तो पाणी इंचभरही वर नाही. आमच्या शेजारच्या विणकर आजोबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, ताण्याला खळ असते. ती काढल्याशिवाय सूत पाणी कसं पिईल?" मागावर धागा तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात हे मला ठाऊक होते, पण वेळेवर आठवले नाही. शिवाय कच्च्या कापसाच्या अंगी जात्याच थोडा मेणकटपणा असतो. सूत धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून स्वच्छ धुतले आणि पुन्हा टांगले. यावेळी रात्रभरात कुंकवाचा रंग सात-आठ इंच चढला.

मांडणी अशी केली. मध्ये पाण्याची बादली, भोवती तीन कुंड्या. वात आधी पूर्ण भिजवून तिचे एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाशी सोडले आणि दुसरे कुंडीच्या मातीत तीन-चार इंच खोल, मुळांजवळ पुरले. येथे एक गोष्ट जपावी. बादली उंच ठेवू नये. पाण्याची पातळी मातीच्या वर असली तर वात पाणी नुसते चढवत नाही, खाली उतरवत राहते. माती भरली तरी ओघळ थांबत नाही आणि माझा २०१९ चा पराक्रम पुन्हा घडतो. पाणी मातीच्या बरोबरीने किंवा किंचित खाली असले म्हणजे माती सुकेल तसतसे ओढले जाते. वातीचा उघडा भाग वाऱ्याने सुकू नये म्हणून तो सरबत पिण्याच्या नळीतून ओवून घेतला. आणि बादलीला घट्ट झाकण हवेच. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. झाडे जगवून गल्लीला तापाने आजारी पाडण्यात काय हशील?

तुळस, मोगरा आणि आणखी दोघींसाठी मात्र मी संक्रांतीची सुगडे वापरली, आणि माझ्या मते सर्वांत शहाणी युक्ती हीच. सुगड्याची भाजलेली माती सच्छिद्र असते. ते कुंडीत गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले की भोवतीची माती कोरडी असेतो पाणी पाझरते, माती ओली झाली की पाझर मंदावतो. मातीच आपली तहान सांगते. ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फान शंगची याने लिहिलेल्या शेतीच्या ग्रंथात, खरबुजाच्या चार बियांच्या मध्ये पाण्याने भरलेले मडके जमिनीलगत तोंड ठेवून पुरावे आणि वर कौल झाकावे, असे सांगितले आहे. मी कौलाऐवजी पणती झाकली. सुगडे मात्र पारखून घ्यावे. हल्ली ती तैलरंगाने रंगवलेली मिळतात. रंगाने छिद्रे बुजतात. पाणी भरून कोरड्या फरशीवर रात्रभर ठेवावे; सकाळी बाहेरून घाम आलेला असला तरच ते कामाचे. दुसरी अडचण, सुगड्यात मावते जेमतेम पाव लिटर. म्हणून त्यातही बादलीतून एक वात सोडली.

राहिलेल्या दोघींत पाण्याची बाटली उपडी खुपसली, कारण ही युक्ती सगळे सांगतात. पिंडीवरच्या गळतीसारखे थेंब थेंब पाणी पडेल ही कल्पना. पण बाटलीतले पाणी हवा आत शिरेल तेवढेच बाहेर येते, आणि ते मातीच्या घट्टपणावर अवलंबून. भुसभुशीत मातीत माझी लिटरभराची बाटली तासाभरात रिकामी झाली. चिकट मातीत टोपणाचे छिद्र चिखलाने बुजले. दोन-तीन दिवसांच्या गावाला ती ठीक, त्याहून अधिक भरवसा नको.

कोणतीही युक्ती असो, निघण्यापूर्वी चार-पाच दिवस ती मांडून पाहावी. आजीने ते चारही दिवस रोज सकाळी बोट घालून माती तपासली, तेव्हा कुठे तिने पिशवी भरली. ११ मे रोजी आम्ही एस.टी.ने निघालो आणि आंबा घाट उतरून देवरुखला पोचलो. दोघी बहिणी अकरा दिवस पडवीत बसून काय बोलत होत्या कोण जाणे.

परतल्यावर आजी चप्पल न काढताच गच्चीत गेली. बाटलीवाल्या दोन कुंड्यांपैकी एक अबोली वाळली होती. गुलाबाने निम्मी पाने गाळली होती. एका बादलीची वात बाहेर निसटली होती, पण जवळच्या दोघींच्या वाती शाबूत होत्या आणि सावलीमुळे तिसरी नुसती मलूल झाली. बाकी सारी हिरवी, मोगऱ्याला तर दोन कळ्या. आजीने सुगड्याची पणती उचलून आत पाहिले, बोट मातीत घातले, आणि काही बोलली नाही. मग पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेले, मावशीआजीच्या परसातले अबोलीचे रोप काढले.

"सुगडं उरलंय का गं एखादं?" तिने विचारले. "दिवाळीत पुन्हा जायचं म्हणते मी."