ठेका कुठून येतो?

विरारजवळच्या अर्नाळ्याला हळद होती. रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून साडेसातलाच मांडव भरला होता. आधी बेंजो पार्टी तासभर वाजली. ती मंडळी चहाला बसली तशी डीजेवाल्या पोराने लॅपटॉप उघडला आणि मघाचीच कोळीगीताची चाल लावली. फरक एवढाच की तिच्याखाली आता हाऊस म्युझिकचा धप-धप-धप असा सरळ ठोका होता. ओट्यावरच्या बायका क्षणभर बावरल्या, मग पदर खोचून उठल्या. नाच थांबेना.

सामान आवरताना मी त्या पोराला गाठलं. "घरी काय ऐकतोस रे?" मला वाटलं होतं, तो दोन-चार परदेशी डीजेंची नावं घेईल. तो म्हणाला, "काका, घरी मी हे वाजवतो ते ऐकतच नाही. घरी बाबांची भजनं चालू असतात, आणि ट्रेनमध्ये मी इलयराजा ऐकतो."

त्या उत्तराने मला वर्षभर कामाला लावलं. नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणारी माणसं स्वतः काय ऐकतात, हे मी शोधत गेलो. सापडलं ते असं, की या संगीतात नवं म्हणून जे जे आलं, ते बहुतेक सगळं बाहेरून आलं. दुसऱ्याचं संगीत मन लावून ऐकणाऱ्याने ते आणलं.

टेक्नोचंच बघा. टेक्नो डेट्रॉइटचं म्हणतात, पण ते घडवणारी तीन मुलं, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन साँडरसन, शाळेत होती बेलव्हिलला. बेलव्हिल हे डेट्रॉइटच्या बाहेरचं छोटं गाव. मोठ्या शहराला लागून, पण शहर नव्हे. वसई-विरारच्या माणसाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. या मुलांना शहराशी जोडत होता तो रेडिओ. 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने एक निवेदक रात्री कार्यक्रम करायचा आणि तो कप्पे पाळत नसे. प्रिन्सच्या गाण्यानंतर क्राफ्टवर्क ही जर्मन मंडळी, त्यांच्यानंतर पार्लमेंट या बँडचं फंक, मग एखादा रॉक बँड. मुलांनी ते एकाच कानाने ऐकलं. जर्मन यंत्रांचा कोरडेपणा आणि कृष्णवर्णीय अमेरिकेचं फंक एकत्र आलं, त्यातून टेक्नो झालं. मोजोने रात्रभर नुसती नाचाची गाणी लावली असती तर ते घडलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे मोजोचं काम लोकल ट्रेन करते. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन रोजचे तीन तास. त्या वेळात कानात हेडफोन, आणि हेडफोन काढला तर एका डब्यात भजनी मंडळाच्या टाळ-ढोलक्या, दुसऱ्यात कुणाच्या मोबाइलवर भोजपुरी, खिडकीशी बसलेल्याची कव्वाली. इतकं वेगवेगळं संगीत रोज सक्तीने कानावर पडणारा संगीतकार जगात फार ठिकाणी नसेल. शिवाय खाली रुळांचा ठेका चालूच. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या रचनांपैकी एक आगगाडीच्याच आवाजांची आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर या रेडिओतल्या माणसाने १९४८ साली बातिन्योल स्थानकावर इंजिनांचे, शिट्ट्यांचे, डब्यांचे आवाज मुद्रित केले, ते कापले, उलटसुलट जोडले आणि रेडिओवर ऐकवले. आज ज्याला आपण सॅम्पल म्हणतो त्याचं हे मूळ. वैतरणेच्या पुलावर गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो, तो एकदा डोळे मिटून ऐका. त्यात एक अख्खा ट्रॅक आहे.

मुंबईच्या संगीतात बाहेरचं ऐकण्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातलं एक ठळक नाव मराठी आहे: पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. १९५१ च्या 'अलबेला'तली नाचाची गाणी ऐकली की कळतं, या माणसाने जाझ आणि लॅटिन अमेरिकी संगीत किती प्रेमाने पचवलं होतं. त्यांच्या सोबतीला चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेला गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. दिवसा स्टुडिओत सिनेमाचं संगीत आणि रात्री हॉटेलात जाझ, असं त्या काळच्या कितीतरी गोवेकर वादकांचं आयुष्य होतं. वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत अजून ब्रास बँड वाजतो. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवर आधी इंग्रजी वॉल्ट्झ, मग लागलीच कोळीगीत, तेव्हा मला हीच परंपरा दिसते. आमच्या भागातल्या पोरांना ट्रम्पेटचा आवाज परका नाही, तो त्यांनी मावशीच्या लग्नात ऐकलेला आहे.

पण सगळ्यात नवलाची गोष्ट चरणजित सिंग यांची. हे मुंबईच्या सिनेवाद्यवृंदातले वादक. गिटार आणि कळफलकाची वाद्यं हा त्यांचा हातखंडा. १९८२ साली एचएमव्हीने त्यांची एक तबकडी काढली: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. त्यासाठी त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं छोटं यंत्र. हे ३०३ खरं तर गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेलं. ते चाललं नाही आणि १९८४ मध्ये कंपनीने बंद केलं. पुढे शिकागोच्या मुलांनी तीच यंत्रं जुन्या बाजारातून स्वस्तात घेतली, बटणं वेडीवाकडी फिरवली आणि १९८७ मध्ये 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जन्माला आला. चरणजित सिंगांनी त्याआधी पाच वर्षं मुंबईत जवळपास तोच आवाज काढला होता. शिकागोला याचा पत्ता नव्हता आणि मुंबईने लक्ष दिलं नाही. तबकडी विकली गेली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले.

त्यांना हे का साधलं? मला याचं उत्तर त्यांच्या रागसंगीताच्या कानात दिसतं. ३०३ मध्ये सूर एकातून दुसऱ्यात घसरवता येतो, आणि मींडेची सवय असलेल्या कानाला ती सोय म्हणजे पर्वणी. भैरव असो की यमन, स्वर ठरलेले आणि खाली षड्जाचा आधार अखंड. पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत बसायचे नाहीत. टेक्नोलाही तेच हवं असतं: एक आधारस्वर आणि त्यावर सावकाश उलगडत जाणारी आकृती. मैफलीत तास-तासभर राग ऐकलेल्या माणसाला सात मिनिटांचा ट्रॅक कंटाळवाणा वाटत नाही.

आता पुन्हा अर्नाळ्याच्या मांडवात येऊ. त्या पोराने कोळीगीताखाली हाऊसचा ठोका बसवला, हे सांगायला सोपं आहे, करायला अवघड. हाऊसमध्ये प्रत्येक ठोक्याचे चार सारखे तुकडे पडतात. कोळी ठेक्यात एका ठोक्याचे तीन पडतात, म्हणून तो डुलतो. चाराच्या चौकटीत तीनाची चाल तशीच टाकली तर पाय अडखळतात. यावर इलाज केला रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याने. त्याने आपल्या तालयंत्रांत 'स्विंग'ची सोय दिली आणि १९८८ च्या अकाई एमपीसी-६० या यंत्रामुळे ती हिपहॉपवाल्यांच्या हातात पोचली. स्विंग पन्नास टक्क्यांवर असेल तर ठेका सरळ चालतो. सहासष्टच्या आसपास नेला की तीनाची चाल येते. आज नालासोपाऱ्याच्या एका खोलीतला मुलगा एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये हे बटण फिरवतो तेव्हा आकडा त्याला पाठ असेलच असं नाही. तो कानाने फिरवतो, आणि तो कान हळदीत तयार झालेला असतो.

त्या हळदीतला बेंजो तरी कुठला? जपानमधल्या नागोयाला १९१२ साली गोरो मोरिता यांनी 'तैशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. तारांच्या वाद्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. मग कुणीतरी त्याला विजेचा पिकअप लावला, भोंग्याला जोडलं, शेजारी ऑक्टोपॅड आणि कॅसिओ ठेवला, आणि आमची बेंजो पार्टी तयार झाली. आज ते वाद्य जपानी आहे असं म्हणालात तर विरारचा बेंजोवाला तुम्हाला वेड्यात काढील. बाहेरचं इतकं आपलं होऊ शकतं.

आणि अगदी जवळचं, तरी न ऐकलेलं वाद्य म्हणजे तारपा. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, सूर खंडत नाही. त्याच्याभोवती हातात हात घालून फेर धरलेला, घुंगरांच्या काठीचा ठोका जमिनीवर, आणि रात्रभर नाच. वादकाने चाल बदलली की पावलं बदलतात. नाचणारे थकलेत की पेटलेत हे बघून तो पुढची चाल काढतो. याहून नेमकं वर्णन चांगल्या डीजेचं मला करता येणार नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे वयोवृद्ध तारपावादक. २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. वसई स्टेशनवरून सकाळी निघालात तर दुपारच्या आत त्यांच्या तालुक्यात पोचाल. तरी आमच्याकडचा पोरगा परदेशी टेक्नोचे सॅम्पल पॅक डाउनलोड करतो आणि तारप्याचा आवाज त्याच्या लॅपटॉपवर नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडचा आवाज इलेक्ट्रॉनिक संगीतात आणून दाखवलेली माणसं आहेत. कर्ष काळे मराठी घरातले, जन्म इंग्लंडचा, वाढले न्यूयॉर्कला. तबला आणि रॉकचे ड्रम्स दोन्ही हातात असल्यामुळे २००१ च्या 'रियलाइझ' या अल्बममध्ये तबला इलेक्ट्रॉनिक संगीतावर शोभेला चिकटवलेला वाटत नाही, तोच गाडा ओढतो. इंदूरच्या स्नेहा खानवलकर यांनी २०१२ मध्ये एमटीव्हीवरच्या 'साउंड ट्रिपिन'साठी गावोगाव हिंडून माणसांचे, यंत्रांचे, खेळांचे आवाज गोळा केले आणि त्यांतून गाणी रचली. न्यूक्लिया यांनी २०१५ मध्ये 'बास रानी' हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांपुढे आणला, कारण तो आवाज रस्त्यावरूनच उचललेला होता. क्रेटेक्स यांचं 'तांबडी चामडी' हे गाणं २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढलं आणि हाऊस म्युझिक मराठीत बोलतं हे जगाला कळलं. बाहेरचं आणणाऱ्याला सुरुवातीला वेड्यात काढतात हेही खरं. स्वीडनच्या अविचीने २०१३ मध्ये मायामीच्या महोत्सवात बँजो आणि फिडलवाले मंचावर आणले तेव्हा नाचायला आलेली गर्दी गोंधळली होती. काही महिन्यांत तेच 'वेक मी अप' देशोदेशी वाजत होतं.

मात्र ऐकण्याबरोबर एक देणं येतं, आणि या धंद्यात ते बुडवण्याची सवय फार आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या 'आमेन, ब्रदर' गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने मध्येच काही सेकंद एकट्याने ड्रम्स वाजवले. तेवढा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. जंगल आणि ड्रम अँड बास हे प्रकार त्याच्याच जिवावर उभे राहिले. कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मेला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला, रिचर्ड स्पेन्सरला, सुमारे चोवीस हजार पौंड दिले. उशिरा का होईना, कुणीतरी दिले.

आपल्याकडे हा प्रश्न उद्याचा नाही, आजचा आहे. आगरी घरांत लग्नाचे धवले म्हणणाऱ्या धवलारिणी उतारवयात आहेत. त्यांचा आवाज कुणी हळदीत फोनवर टिपतो, कुणी त्याचा लूप करतो, गाणं लाखो लोकांपर्यंत जातं आणि त्या बाईचं नाव कुठेच नसतं. ते गाणं नाचायला उत्तम असेल, पण तो व्यवहार चुकीचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगतो: तिला आधी विचार, ट्रॅकवर तिचं नाव घाल, आणि पैसे आले तर तिचा वाटा तिच्या हातात नेऊन दे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात किंवा पाड्यात धवले म्हणणारी आजी असेल, तारपा वाजवणारे कुणी काका असतील, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेले शेजारी असतील, तर या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापाशी तासभर बसा. पंखा बंद करा, फोन उशीवर ठेवा आणि मुद्रण सुरू करा. पण गाण्याआधी त्यांचं नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या.