इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या मनाचं काय?

ताईंनो, साखरेचा आजार म्हटलं की आपल्याला सासू-सासरे आठवतात. पण टाइप १ मधुमेह अनेकदा लहानपणी किंवा वयात येताना होतो. आजारांशी लढणारी शरीराची ताकदच चुकून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, आईच्या चुकीने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. १९२२ साली कॅनडात एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगतच नसत. आता जगतात, शिकतात, संसार करतात. पण रोज सुया, रोज बोट टोचणं, सुट्टी एक दिवसाचीही नाही.

माझ्या नणंदेची मुलगी माहीमला असते, पंधरा वर्षांची. मुंबईत राहते, जवळच मधुमेहासाठी नावाजलेलं रहेजा रुग्णालय आहे, म्हणजे हिला कसली काळजी, असं मला वाटायचं. मागच्या सुट्टीत आठ दिवस राहिले तेव्हा पाहिलं. पोरगी शाळेतून दारात आली की आईचा पहिला प्रश्न, "किती आली साखर?" वही तपासली तर सगळे आकडे छान, १२०, १३०. पण दवाखान्यात डॉक्टरांनी ग्लुकोमीटरचं बटण दाबलं, तर मागचे खरे आकडे त्यात होतेच, २८०, ३१०. नणंद चिडली. डॉक्टरांनी तिलाच बाहेर बसवलं आणि मुलीशी अर्धा तास बोलले. घरी येताना पोरगी मला म्हणाली, "मामी, घरात मला कोणी बघत नाही. आकडाच बघतात."

मैत्रिणींसमोर सुई घ्यायची लाज, रात्री झोपेत साखर उतरेल ही भीती, वर नातेवाइकांचं "हिचं लग्न कसं होणार?" पोर ऐकत असते हो! त्यात वयात येताना आणि पाळीच्या आसपास साखर आपोआप वरखाली होते. दर वेळी चोरून खाल्लेलं नसतं.

दोन आठवड्यांहून जास्त पोर गप्प असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, आवडीचं काही नको वाटत असेल, सुई टाळत असेल, तर त्याला नखरे म्हणू नका. काही मुली बारीक होण्यासाठीही इन्सुलिन कमी घेतात. हे जिवावर बेतू शकतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला तर थेट मोठा दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड हे घाबरल्यानेही होतं आणि साखर उतरल्यानेही. म्हणून आधी बोट टोचून बघा. ७० च्या खाली असेल किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. साखर ठीक असूनही धडधड होत राहिली, तर ते डॉक्टरांना सांगा.

मनाचं बोलायला १४४१६ हा सरकारी टेली-मानस नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. पोर मरणाची भाषा बोलली तर एकटं सोडू नका, इन्सुलिन आपल्या ताब्यात ठेवून प्रत्येक डोस स्वतः समोर बसून द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. इन्सुलिन बंद मात्र कधीच करायचं नाही, कुणी कितीही झाडपाला सुचवला तरी.

आता नणंद दारात आधी "भूक लागली का गं?" विचारते. आकडा जेवायच्या आधी दोघी मिळून बघतात, अजूनही कधी कधी २५० येतो. तपासणीच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून काही घरं तपासणीच कमी करतात. आपल्या गटात अशी आई असेल तर पुढच्या बैठकीत पट्ट्यांसाठी अंतर्गत कर्जाचा विषय घ्या. तिला स्वतःहून मागायला संकोच वाटतो.