सह्याद्रीच्या सड्यांवरील रानफुले

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांना सडा असे म्हणतात. पावसाळ्यात या सड्यांवर अनेक प्रकारची रानफुले बहरतात. सातारा जिल्ह्यातील कास पठार हे अशा सड्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून २०१२ साली जागतिक वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटात त्याचा समावेश आहे.

अधिवास

सड्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असतो, त्यामुळे मोठे वृक्ष तेथे रुजत नाहीत. पावसाळ्यात खडकावर पाणी साचते, तर उन्हाळ्यात तोच खडक तापून कोरडा पडतो. त्यामुळे बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत. उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे त्या काही महिन्यांत उरकतात. काही वनस्पती उरलेला काळ कंदरूपाने जमिनीत काढतात. फुलांचा मुख्य बहर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत असतो.

प्रमुख फुले

* तेरडा : गुलाबी-जांभळ्या फुलांची वनस्पती. पक्व फळ स्पर्श होताच फुटून बिया दूर फेकल्या जातात. कोकणात गौरीच्या पूजेत तेरड्याला मान आहे.
* सीतेची आसवे : निळ्या-जांभळ्या फुलांची कीटकभक्षी वनस्पती. मातीतील नत्राची उणीव ती सूक्ष्म पिशव्यांत अडकलेल्या जीवांपासून भरून काढते.
* दवबिंदू : हीदेखील कीटकभक्षी असून हिच्या पानांवरील चिकट थेंबांना कीटक चिकटतात.
* सोनकी : पिवळ्या फुलांची वनस्पती, गणेशोत्सवाच्या सुमारास उतार पिवळे दिसू लागतात.
* गेंद : पाणथळ जागी वाढणारी, पांढऱ्या गोल फुलोऱ्याची वनस्पती.
* वायतुरा : उथळ डबक्यांत वाढणारी कंदवर्गीय वनस्पती. फुलोरा दोन फाट्यांचा असतो. साताऱ्यावरून तिला 'सातारी तुरा' असेही म्हणतात.
* कारवी : सड्यालगतच्या उतारांवरील झुडूप. सात वर्षांनी एकाच वेळी फुलते व बी धरून मरते. तिच्या काठ्यांपासून घरांचे कुड बांधले जातात.

संवर्धन

वर्षायू वनस्पतींचे पुढील वर्ष बीवर अवलंबून असते. फुले तोडल्यास किंवा बी धरण्यापूर्वी झाडे तुडवली गेल्यास तेवढे बी कमी होते. पातळ माती एकदा वाहून गेली की पुन्हा तयार होण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून सड्यावर वाहने नेणे टाळून आखलेल्या वाटेनेच चालणे आवश्यक ठरते. कास पठारावर बहराच्या काळात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते.