माधव जूलियन : ‘गज्जलांजली’तली फारसी नेमकी कुठे आहे?
(कवितेमागचे कवी : लेखांक सातवा)

मागच्या लेखांकात माधव त्र्यंबक पटवर्धनांचे, म्हणजेच माधव जूलियनांचे, बडोदे आणि रविकिरण मंडळाचे पुणे पाहिले; आता कोल्हापूर. १९२८पासून १९३९मधल्या मृत्यूपर्यंत ते राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक होते आणि १९३३ची ‘गज्जलांजलि’ याच काळातली. तिच्यावरचा फारसीचा प्रभाव म्हटला की साकी, शराब, आशिक यांची यादी पुढे केली जाते. मला ती वरवरची वाटते. पटवर्धनांनी फारसीतून घेतलेली खरी गोष्ट म्हणजे वृत्ते. फारसी छंदांचा हिशेब लघु-गुरूंचा, आपल्या अक्षरगणवृत्तांचाही तोच. म्हणून हे कलम मराठीत जगले. ‘लगागागा’ चारदा घेतले की हजज छंदाची सोळा अक्षरांची, अठ्ठावीस मात्रांची ओळ होते. तिला त्यांनी ‘वियद्गंगा’ हे नाव दिले आणि ती परकी वाटेनाशी झाली. १९२७चा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ त्यांनी १९३७मध्ये पुन्हा विस्ताराने सिद्ध केला, तोही याच ध्यासातून. कवी आणि छंदःशास्त्रज्ञ इथे वेगळे काढताच येत नाहीत. (काही गज्जलांत शास्त्रज्ञ कवीला भारी पडतो, हेही खरे.)

यावर कोणी म्हणेल, गज्जल तर मोरोपंतांनीही लिहिली, संगीत नाटकांतही ती गायली गेली. मग प्राध्यापकांचे श्रेय कशाला? पण ती कानावरून आलेली एखाददुसरी चाल होती. मूळ शास्त्र वाचून, वृत्तामागून वृत्त मराठीत चालते का हे पद्धतशीर तपासणे ही वेगळीच गोष्ट. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे : १९२५मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ रचणारा हाच माणूस पुढे भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला, १९३८मध्ये त्याने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, स्वतःच्या जुन्या कवितांतले फारसी शब्दही वेचून काढले, मग प्रभाव उरला कुठे? माझ्या मते हाच माझ्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा. प्रभाव शब्दांत असता तर शब्दांबरोबर गेला असता. शब्द गेले, कधी कधी गोडवाही गेला, पण लय जागची हलली नाही.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. फारसी गझलेतला प्रत्येक शेर स्वयंपूर्ण असतो. पटवर्धनांच्या बऱ्याच गज्जला एकाच भावनेच्या सलग कविता आहेत. हाफिजच्या वाचकाला त्या भावगीतांसारख्या वाटतील. पण फारसीच्या प्राध्यापकाला शेराची ही रीत ठाऊक नव्हती असे कसे मानायचे? त्यांनी साचा घेतला, आत रविकिरण मंडळाची भावकविता ओतली. शेराच्या स्वातंत्र्याचा आग्रह पुढे सुरेश भटांनी धरला, ‘गझलेची बाराखडी’त तो नियम म्हणून मांडला, आणि आजही मराठी गझलकार वियद्गंगा, व्योमगंगा, देवप्रिया याच वृत्तांत लिहितात.