चार्जर काढल्यावरचा वेग

‘लाइट गेली की लॅपटॉप रांगायला लागतो’ ही तक्रार बार्शीतल्या माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावर उन्हाळ्यात सारखी येते. कुणी सीएच्या ऑफिसातला, रिटर्न भरताना एक्सेल अडकलेलं. कुणी लग्नाचे फोटो काढणारा, अल्बमचं काम अर्धवट राहिलेलं. बऱ्याच जणांनी आधी कुठेतरी फॉरमॅट मारून घेतलेलं असतं, व्हायरस काढायचे पैसे दिलेले असतात, आणि फरक काहीच पडलेला नसतो.

अशा वेळी मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. आधी टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखाखाली ‘स्पीड’चा आकडा असतो, तो दिसत राहील असा ठेवतो आणि एखादं जड काम सुरू करतो, फोटोंचा मोठा गठ्ठा एक्स्पोर्टला लावला तरी पुरतं. समजा मशीन आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसरचं आहे. आमच्याकडे ही मशीन अजून भरपूर येतात. याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि टर्बोत जास्तीत जास्त ३.४. चार्जर लावलेला असताना आकडा तीनच्या वर उडी घेतो, थोड्या वेळाने अडीचच्या आसपास बसतो. मग मी गिऱ्हाइकालाच चार्जरची पिन काढायला सांगतो. स्क्रीन किंचित मंद होते आणि आकडा दोनच्या खाली येतो. १.७, १.६, पुन्हा १.७. इथवर मशीन निरोगी आहे. आकडा ०.३९ वर जाऊन चिकटला आणि तिथून हललाच नाही, तर मात्र आजार आहे. या दोन गोष्टींतला फरक ओळखणं हेच माझं खरं काम.

पहिल्या प्रकारचा मंदपणा मुद्दाम घडवलेला असतो. प्रोसेसर काम करताना जी वीज जळते, ती वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं, त्याचे आकडे मला फार आवडतात. चार्जरवर ६५० मेगाहर्ट्झ आणि १.६ व्होल्ट, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्ट. हिशेब करून बघा. वेग पावपटही गेला नाही, पण प्रोसेसरची वीज जवळजवळ निम्मी वाचली. असा सौदा कुठलाही इंजिनिअर डोळे झाकून करेल. त्या वेळी दोनच पायऱ्या होत्या, आता प्रोसेसर सेकंदात कितीतरी वेळा वर-खाली करतो; तत्त्व तेच आहे.

दुसरं कारण बॅटरीच्या आत आहे, आणि ते लोकांना माहीत नसतं. तीन सेलची ११.४ व्होल्टची बॅटरी घ्या. प्रोसेसर टर्बोत गेला की तो एकटाच क्षणभर ४० वॅटपर्यंत ओढू शकतो. स्क्रीन, वायफाय धरून झाले ४५ वॅट, म्हणजे चार अँपिअर. नवीन बॅटरी हे सोसते. तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो; तो अर्धा ओहम झाला असेल, तर चार अँपिअरला दोन व्होल्ट आतल्या आतच जातात. वस्तीवर शेवटच्या पोलवरच्या घरात मोटार सुरू झाली की दिवा मंद होतो, तसंच हे. ३० टक्के चार्ज दाखवत असताना लॅपटॉप पटकन बंद पडतो तो याचमुळे. ते टाळायला मदरबोर्डवरची कंट्रोलर चिप प्रोसेसरला इशारा देते आणि प्रोसेसर थेट तळाला जाऊन बसतो. या जातीच्या प्रोसेसरचा तळ म्हणजे ४०० मेगाहर्ट्झ. म्हणून ०.३९.

हा इशारा बंद करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि ‘मशीन पळायला लागलं’ म्हणून पोरं एकमेकांना ती देतात. थकलेल्या बॅटरीवर हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढावा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी लिहिलेली असते. ४२ वॅट-तासांची बॅटरी २० वर आली असेल, तर ती बदलावी. टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगली आहे. मग रिपोर्टचीही वाट बघू नये, मशीन बंद करून घेऊन यावं.

कधी कधी चार्जर लावलेला असूनही मशीन ०.३९ वरच असतं. तिथे मी आधी चार्जरची पिन बघतो. काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध सुईएवढी बारीक तार असते. हा चार्जर किती वॅटचा आहे, हे मशीनला त्या तारेतून कळतं. वायर गुंडाळून गुंडाळून ती आतून तुटते, किंवा डुप्लिकेट चार्जरमध्ये ओळख देणारी चिपच नसते. मीटरवर १९.५ व्होल्ट बरोबर दिसतात, पण मशीन त्या चार्जरवर भरवसा ठेवत नाही. बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मिळत नाही. मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलेली मशीन चांगला चार्जर लावताच धावलेली मी पाहिली आहेत.

निरोगी मशीनला बॅटरीवर जास्त वेग हवा असेल, तर सेटिंगमध्ये पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेता येतो. बॅटरी लवकर उतरेल, एवढं समजून करावं. उलट, चार तास लाइट येणार नाही आणि फक्त टायपिंग करायचं आहे, तर जुन्या कंट्रोल पॅनलच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करावी. इंटेलच्या बऱ्याच मशीनवर या एका टक्क्याने टर्बो पूर्ण बंद होतो आणि पंखाही शांत राहतो.

राग मला एकाच गोष्टीचा येतो. खोक्यावर टर्बोचा आकडा ठळक छापतात. बॅटरीवर मशीन किती धावेल, ते कुठेच नसतं. आमच्या भागात लॅपटॉप घेतात तेच मुळी लाइट गेल्यावर काम अडू नये म्हणून. इथला शेतकऱ्याचा मुलगा पन्नास हजार मोजतो, तेव्हा त्याला दोन्ही आकडे कळायला हवेत. २०२० मध्ये ॲपलने एम-वन चिपचे लॅपटॉप आणले, ते चार्जर काढल्यावरही जवळपास तेवढ्याच वेगाने चालतात. म्हणजे हे अशक्य नाही. विकत घेताना दुकानातच टास्क मॅनेजर उघडायला लावा, एखादं जड काम सुरू करा आणि चार्जर काढा. पाच मिनिटं तो आकडा बघा. दुकानदार नाही म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.