पाकीट कोणीं फोडावें ?

आमच्या गोरेगांवांतील एक परिचित गृहस्थ गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं घरीं आले, आणि चहा होईपर्यंत इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनीं हळूच मुद्द्याला हात घातला. त्यांची मुलगी चौदा वर्षांची, नववींत शिकते. हल्लींचे दिवस पाहून, काळजीपोटीं, त्यांनीं तिच्या फोनमध्यें तिच्या नकळत अशी एक योजना करून ठेविली होती, कीं तिला आलेला व तिनें धाडलेला प्रत्येक संदेश यांच्या फोनवर उमटावा. तीन महिने कांहीं निघालें नाहीं. मग एके दिवशीं तिनें मैत्रिणीस लिहिलेलें वाचावयास मिळालें : शिकवणीच्या वर्गांतला एक मोठा मुलगा पुन्हा पुन्हा फोटो मागतो, नकार दिला तरी ऐकत नाहीं. मैत्रिणीनें 'आईला सांग' असें सुचविलें होतें. त्यावर मुलीचें उत्तर होतें, "बाबांना कळलें तर फोन काढून घेतील." गृहस्थांपुढें पेंच असा, कीं कळलें तर होतें, पण कसें कळलें हें सांगण्याची सोय नव्हती.

पत्राच्या खासगीपणाचा संस्कार आपल्या एकत्र कुटुंबांत मोठ्या कष्टानें रुजला. १८७९ सालीं हिंदुस्थानांत पोस्टकार्ड आलें. तें पोस्टमनपासून माजघरापर्यंत सर्वांनीं वाचावें हें त्याच्या जातीचेंच होतें. पण पाकीट ? सासुरवाशिणीला माहेराहून आलेलें पाकीट सासऱ्यांनीं किंवा दिरानें फोडून, वाचून, मग स्वयंपाकघरांत धाडावें, यांत कित्येक घरांत कोणास वावगें वाटत नसे. हेतु वाईटच असे असें नाहीं. 'घराची काळजी' हेंच कारण तेव्हांहि सांगत. त्या मुली मग काय करीत ? पत्रांत 'सर्व क्षेम आहे' एवढेंच लिहीत, आणि खरें दुःख दिवाळीला माहेरीं जाईपर्यंत मनांत राही. वाचणाराच्या हातीं कागद येई. मजकूर येत नसे.

म्हणून आजची भीति खोटी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबईंत पोलिसांच्या एका समारंभांत, मुख्यमंत्र्यांच्या समक्ष, नट अक्षय कुमार यांनीं आपल्या घरची हकीकत सांगितली. त्यांची तेरा वर्षांची मुलगी फोनवर खेळ खेळत असतां समोरच्या अनोळखी खेळाडूनें आधीं गोड गोड विचारपूस केली, आणि मग तिचीं विवस्त्र छायाचित्रें मागितलीं. मुलीनें खेळ बंद केला व थेट आईला जाऊन सांगितलें. त्यांनीं या प्रसंगावरून सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्याला एक तास या विषयासाठीं द्यावा अशी मागणी केली, ती योग्यच आहे. परंतु माझें लक्ष 'आईला जाऊन सांगितलें' या शब्दांकडे अधिक गेलें. एवढें ऐश्वर्य असलेल्या घरांतहि मुलीला वाचविलें तें कोणत्या यंत्रानें नव्हे.

येथें दोन प्रश्न एकमेकांत गुंततात. आईबापांनीं मुलाचीं पत्रें वाचावींत काय, हा एक. आणि गुन्हेगार सांपडावा म्हणून सरकारनें वा कंपनीनें सर्वांचींच पाकिटें फोडावींत काय, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास गोरेगांवकरांस नवा नाहीं. आणीबाणींत आपल्या मृणालताई गोरे कांहीं काळ भूमिगत राहिल्या व पुढें तुरुंगांत गेल्या. तुरुंगांतलीं पत्रें कशीं तपासून हातीं पडत, हें त्या पिढीच्या कार्यकर्त्यांच्या घरीं अजून सांगतात. त्याच काळांत, एप्रिल १९७६ मध्यें, आणीबाणींत नागरिकास बंदिवासाविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागतां येत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें दिला. बहुमताच्या न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असें ठरविलें. त्यांतील मुख्य निकालपत्र यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय यांनीं लिहिलें, आणि त्यांतच वडिलांचा तो निकाल रद्द केला. मराठी घरांत पित्याचें मत पुत्रानें इतक्या जाहीरपणें खोडून काढल्याचें उदाहरण विरळाच.

तथापि हक्क आहे म्हणजे त्याला मर्यादा नाहींत, असें त्या निकालांत म्हटलेलें नाहीं. कायद्याचा आधार हवा, हेतु योग्य हवा, आणि उपाय रोगाच्या मानानें हवा, एवढें त्याचें सार. १९९६ सालच्या निकालानेंहि टेलिफोन ऐकण्यास सरसकट बंदी केली नाहीं. आज्ञा गृहसचिवानें द्यावी, ती दोन महिन्यांपुरती असावी, सहा महिन्यांपलीकडे जाऊं नये, आणि समितीनें तपासावी, असा दंडक घातला. हा दंडक कागदावरच राहिला असेंहि नाहीं. ऑक्टोबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याच्या आज्ञा रद्द करून मिळविलेल्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करावयास लाविल्या.

मुलांच्या बाबतींत अडचण अशी, कीं एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचें प्रत्येक पाकीट दोन्ही टोकांना कुलूपबंद झालें आहे. मधल्या कंपनीलाहि तें वाचतां येत नाहीं. जेथें कुलूप नाहीं तेथें कंपन्या मुलांच्या शोषणाच्या आधींच ठाऊक असलेल्या चित्रांचे आंकडेरूपी ठसे जुळवून पाहतात व अमेरिकेंतील एका संस्थेस कळवितात. २०१९ च्या करारानें ती माहिती आपल्या राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाकडे व तेथून राज्यांकडे येऊं लागली. महाराष्ट्र सायबरनें 'ऑपरेशन ब्लॅकफेस' या नांवानें गुन्हे नोंदविले ते याच वाटेनें. हें काम मोलाचें आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असलें चित्र नुसतें जवळ बाळगणेंहि गुन्हा ठरूं शकतो असें स्पष्ट केलें, तेंहि मला पटतें. कारण प्रत्येक चित्रामागें एक खरें मूल असतें.

मग कुलूप लावण्यापूर्वींच फोनच्या आंत डोकावून पाहावें काय ? ॲपल कंपनीनें ऑगस्ट २०२१ मध्यें तसें योजिलें, आणि चहूंकडून हरकती आल्यावर डिसेंबर २०२२ मध्यें सोडून दिलें. युरोपांत मे २०२२ पासून असल्या कायद्याचा वाद चालला. या वादाची खरी बाजू एका अमेरिकन बापाच्या कथेंत दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्यें तान्ह्या मुलाच्या नाजूक जागीं सूज आली, डॉक्टरांस दाखविण्यासाठीं बापानें छायाचित्र काढलें; गूगलच्या यंत्रानें तें गुन्ह्याचें ठरविलें. पोलिसांनीं चौकशी करून त्यास निर्दोष म्हटलें, तरी कंपनीनें त्याचें खातें, पत्रें व मुलाचीं सारीं चित्रें परत दिलीं नाहींत. आपल्याकडे साथीच्या दिवसांत किती मातांनीं अशींच चित्रें डॉक्टरांस धाडलीं असतील ! माझें मत असें, कीं संशयिताचें पाकीट रीतसर आज्ञेनें फोडावें. सर्वांच्या घरीं पहारेकरी बसवूं नये. यानें कांहीं गुन्हेगार निसटतील, हें मी जाणतों, आणि तें लिहितांना हात जड होतो.

आतां पहिला प्रश्न. सहा वर्षांच्या मुलाच्या हातीं फोन द्यावा तो आईबापांच्या डोळ्यांसमोर; तेथें खासगीपणाची भाषा फजूल आहे. सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील सर्वांस पालकसंमतीच्या एकाच दोरींत ओवलें आहे. घरांत तसें करून चालत नाहीं. जें पाहावयाचें तें सांगून पाहावें, आणि वय वाढेल तसतसें पाहणें कमी करावें. आणखी एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत क्वचित् येते. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें मुलावरील लैंगिक गुन्हा ज्यास कळला त्यानें तो पोलिसांस कळविणें सक्तीचें आहे, आणि अठरा वर्षांखालील संमतीस कायदा मानीत नाहीं. म्हणजे फोडलेलें पाकीट पुन्हा चिकटवून ठेवण्याची मुभा बापास नेहमींच राहत नाहीं.

त्या गृहस्थांस मीं म्हटलें, कीं आज रात्रींच सांगा. आणि फोन काढून घेणार नाहीं, हें आधीं सांगा. त्या भीतीवरच असल्या मुलांचा सारा जोर असतो. चार दिवसांनीं ते पुन्हा आले. आईच्या समक्ष सर्व बोलणें झालें होतें. १०९८ वर, मुलांच्या मदतीसाठीं १९९६ सालीं आपल्या मुंबईंतच सुरू झालेल्या त्या क्रमांकावर, विचारून, मुलीला बरोबर घेऊन ते शिकवणीच्या संचालकांस भेटले होते. मुलगी त्या मुलाविषयीं न अडखळतां बोलली.

"पण तिनें पहिला प्रश्न त्याच्याविषयीं केलाच नाहीं," ते म्हणाले. "मीं सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'बाबा, तुम्ही किती दिवसांपासून वाचत होतां ?'"

"मग ?"

"तीन महिने, म्हणून सांगितलें."